हेडसेटमधली शाबासकी

गाडी चालवण्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवावं, अशी वेळ अजून यायची आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. मी विमा कंपनीचा सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या गाड्या बघणं हेच माझं काम. बंपर कसा चेपलाय एवढं पाहिलं की चालवणारा त्या क्षणी काय करत होता, कोणाशी बोलत होता आणि घरी गेल्यावर बायकोला काय थाप मारणार आहे, हे मी जागच्या जागी सांगतो! अपघाताशी ज्याची इतकी ओळख आहे, त्याच्या हातून अपघात होईलच कसा?

तर आमच्याकडे प्रश्न उभा राहिला तो लेकीला गाडी कोणी शिकवायची याचा. कॉलेजात गेली, शिकाऊ लायसन्स हातात आलं, आणि मी मनातल्या मनात शेजारच्या सीटवर जाऊन बसलोसुद्धा. सायकल तिला मीच शिकवली होती. सीट धरून मागे पळालो होतो, आणि तिला न सांगता हात सोडल्यावर ती एकटीच पुढे गेलेली बघून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले होते. गाडीच्या वेळीही मीच असणार, हे त्याच दिवशी ठरलं होतं. फक्त ते लेकीला सांगायचं राहून गेलं होतं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "मी आईकडून शिकेन म्हणते."

हातातला घास मी ताटात परत ठेवला. पाणी पिऊन झाल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणे आई ओरडत नाही.

आता तिच्या आईबद्दल सांगायला हवं. बायको रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पलीकडचा माणूस कितीही घाबरलेला असो, ही आधी सगळं ऐकून घेते आणि मग मोजक्या शब्दांत काय करायचं ते सांगते. गाडीही तशीच चालवते. मागे झोपलेल्या माणसाला घर आल्याचं हलवून सांगावं लागतं. याला मी प्रवास म्हणेन, ड्रायव्हिंग म्हणणार नाही. ड्रायव्हिंगमध्ये चालवणारा दिसला पाहिजे!

वाद दोन दिवस चालला. शेवटी लेकीनंच तोडगा काढला. शहराबाहेर एका कार क्लबचा ट्रॅक आहे. आपली गाडी घेऊन जायचं, जाणकार प्रशिक्षक शेजारी बसतो आणि वेगात पण सुरक्षित गाडी कशी चालवायची ते शिकवतो. ब्रेक कुठे दाबायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, सगळं. ज्याची त्याला खात्री पटते, त्याला तो एकट्याला ट्रॅकवर सोडतो. लेक म्हणाली, ज्याला एकट्याला सोडतील, त्याच्याकडून मी शिकणार. मी इतका हसलो की बायकोनं मला पाठीवर थोपटलं.

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. मी माझी गाडी घेऊन, बायको तिची ती जुनी छोटी घेऊन. पहिला नियम असा की गाडीतलं सुटं सामान सगळं बाहेर काढायचं, नाहीतर वळणात ते अंगावर येतं. बायकोच्या गाडीतून एक छत्री निघाली. माझ्या गाडीतून तीन छत्र्या, बुटांचे दोन जोड, कोणाचा तरी तुटका आरसा आणि गेल्या वर्षीपासून हरवलेला लेकीचा स्वेटर निघाला. शेजारी उभे असलेले दातांचे डॉक्टर ते सगळं कौतुकानं बघत होते.

मग मुख्य प्रशिक्षकांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं. मोठ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, इथे शर्यत नाही. ज्याला शर्यत लावायची असेल त्यानं आताच घरी जावं. पुढे त्यांनी झेंडे दाखवायला सुरुवात केली. निळा म्हणजे काय, काळा म्हणजे काय. ते मला नीटसं ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी मी दातांच्या डॉक्टरांना त्यांचं डावं टायर कुठल्या महिन्यात फुटेल ते समजावून सांगत होतो. माणसाचा जीव महत्त्वाचा की झेंडे?

माझ्या नशिबी मिशीवाले सरच आले. बायकोला एक चष्मेवाले सर मिळाले. प्रत्येकाला हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत बसणारा हेडसेट दिला. सर बोलणार, आपण फक्त ऐकायचं. खिडक्या उघड्या, इंजिनाचा आवाज, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही त्या यंत्रातूनच येतं. सरांनी माझ्या यंत्राचं बटण लावून दिलं आणि याला हात लावू नका असं बजावून ते स्वतःचं हेल्मेट आणायला गेले. मला आवाज थोडा बारीक वाटला. म्हणून मी ते बटण एक घर पुढे फिरवलं. कुठलंही यंत्र स्वतःच्या हातानं जुळवून घेतल्याशिवाय मी वापरत नाही, ही माझी कामाची शिस्त आहे.

आणि काय सांगू, लगेच आवाज खणखणीत झाला! "घाई नाही. आरशात बघा. आता निघा," असं कानात आलं, आणि मी निघालो. परत येऊन शेजारी बसलेले सर अजून बेल्ट लावत होते. माणूस कामाला तत्पर आहे, बेल्ट लावता लावता शिकवतो, असं मला वाटलं.

पहिल्या सरळ रस्त्यावर मी जरा वेग घेतोय तोवर कानात आलं, "ब्रेक. सरळ असतानाच. छान." मी दाबला. समोर वळणाचा पत्ता नव्हता, पण सरांच्या मनात काही योजना असेल. मागून दोनतीन गाड्या कचकन थांबल्या. मग समोर वळण दिसायला लागलं आणि कानात आलं, "आता अ‍ॅक्सिलरेटर. हळूहळू वाढवा. घाबरू नका." मी कशाला घाबरतोय! वाढवला. मिशीवाल्या सरांनी दरवाज्यावरची मूठ दोन्ही हातांनी धरली. वळणाच्या कडेला नारिंगी कोन ओळीनं मांडले होते, त्यातले बरेच आडवे झाले आणि गाडी शेजारच्या हिरवळीवरून एक छानसा फेरफटका मारून परत रस्त्यावर आली. कानात शांत आवाज आला, "सुंदर. अगदी असंच."

मला माणूस म्हणून सर फार आवडायला लागले. असं मोकळ्या मनानं कौतुक करणारे साहेब आमच्या ऑफिसात असते तर मी कुठल्या कुठे पोचलो असतो.

एकच गोष्ट जरा विचित्र होती. कानातला आवाज इतका शांत, आणि शेजारचे हात मात्र सारखे चाललेले. सर दोन्ही तळवे खाली दाबून दाखवायचे. मी समजलो, निवांत राहा म्हणतायत. मग ते स्वतःच्या कानाकडे बोट करायला लागले. मी समजलो, कौतुक ऐकू येतंय ना असं विचारतायत. मी अंगठा वर करून दाखवला. त्यावर त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकली. समाधान पावले बिचारे.

दुसऱ्या फेरीत तर माझी खात्रीच पटली. ट्रॅकच्या कडेला ठिकठिकाणी झेंडेवाले उभे होते. मी आलो की निळा झेंडा हलवायचे. पहिल्यानं हलवला, मी हात केला. दुसऱ्यानं हलवला, त्यालाही केला. पुढे एकानं काळा झेंडा काढला आणि थेट माझ्याकडे रोखून धरला. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याला दोन्ही हातांनी, म्हणजे एका हातानं, नमस्कार केला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर लेक उभी होती. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. पोरीला बापाचा अभिमान वाटला की ती तसंच करते, असं मी धरून चाललो.

इतक्यात कानात आवाज आला, "पुढे एक पांढरी गाडी आहे. तिच्या बंपरखाली कोन अडकलाय. तिच्यापासून लांब राहा. चालवणाऱ्याचा काही भरवसा नाही."

मी सावध झालो. माझ्या धंद्यात असली माणसं रोज भेटतात. मी वेग कमी केला आणि पुढे नजर लावली. रस्ता रिकामा होता. वळणापलीकडे असेल म्हणून आणखी हळू गेलो. कोण असेल हा बहाद्दर? घरी बायकापोरं असतील, त्यांना काय वाटत असेल? मला खरंच त्या कुटुंबाची दया आली. तेवढ्यात माझ्या शेजारून एक जुनी छोटी गाडी अलगद पुढे गेली. चष्मेवाले सर आत मागे रेलून बसले होते. चालवणाऱ्या बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर दूर, पुढच्या वळणावर होती.

मग ते वाक्य आलं. ज्यासाठी मी आलो होतो तेच वाक्य, त्याच शांत आवाजात.

"तुम्हाला आता माझी गरज नाही. पुढची फेरी तुम्ही एकट्यानं मारायची."

माझे डोळे भरून आले. हेल्मेटमध्ये बाही पोचत नाही, नाहीतर पुसलेही असते. सायकलची सीट, लेकीचा उडता फ्रॉक, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी सरांकडे वळून छातीवर हात ठेवला आणि मान लववली. तेव्हा कानात पुढचं आलं. "चला ताई, आत घ्या गाडी."

ताई?

पांढऱ्या गाड्या त्या दिवशी ट्रॅकवर किती होत्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा आठवून पाहिलं. एकच होती. मी तिच्यातच बसलो होतो.

गाडी आत घेतली. मिशीवाले सर उतरले, हेल्मेट काढलं, टायरांच्या ढिगावर बसले आणि कोणीतरी दिलेलं पाणी एका दमात संपवलं. मग उठून त्यांनी माझं यंत्र हातात घेतलं आणि चष्मेवाल्या सरांच्या चॅनेलवर गेलेलं बटण एक घर मागे फिरवलं.

"तुम्ही ऐकता अगदी मन लावून," ते म्हणाले. "फक्त शेजारच्याचं सोडून."

निळा झेंडा म्हणजे मागच्याला वाट दे आणि काळा म्हणजे मुकाट्यानं आत ये, हेही त्यांनीच सांगितलं. पुन्हा माझ्या शेजारी बसणार का असं विचारलं, तर म्हणाले गाडी तेवढी पार्किंगमध्ये नेऊन लावा. मी एकटाच नेली. तेवढ्यावर मी लेकीकडे दावा मांडला, की सरांनी मलाही एकट्याला सोडलंय.

"पार्किंगपर्यंत, बाबा," ती म्हणाली. बंपरखालचा कोन तिनं ओढून काढला.

मग आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून तिच्या आईची फेरी पाहिली. शेजारची सीट रिकामी, आणि ती छोटी गाडी एकामागून एक वळणं घेत होती. कुठे झटका नाही, कुठे टायरांचा आवाज नाही. बायकोला इतक्या वेगात जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. लेक उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? शेजारची सीट माझ्या हातून गेली होती. आणि बाई गाडी इतकी देखणी चालवत होती की मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

आठवड्याभरात लेकीनं माझ्या हातात दोन काठ्या दिल्या. एकीला जुन्या चादरीचा निळा तुकडा शिवलेला, दुसरीला माझ्याच एका छत्रीचं काळं कापड. म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावर तुम्ही उभे राहा. झेंडे आता तुम्हाला सगळ्यांत चांगले कळतात."

आता रविवारी बंद गोदामाच्या मोकळ्या आवारात मी टोपी घालून कोपऱ्यावर उभा असतो. लेक चालवते, बायको शेजारी बसून दोन शब्द बोलते. काम जबाबदारीचं आहे. बायकोनं आतून खूण केली की मी काळा झेंडा काढायचा आणि लेकीनं गाडी आत घ्यायची, अशी आमची शिस्त आहे.

पहिल्याच रविवारी खूण झाली. मी झेंडा काढला, तिच्यावर रोखला, जीव खाऊन हलवला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम फुलला. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं मला झकास टाटा केला आणि तशीच पुढे निघून गेली!

उतरल्यावर बायको म्हणाली, "अहो, क्लच, ब्रेक, आरसे सगळं मी शिकवलं. हे मात्र मी शिकवलेलं नाही."

ते कोणी शिकवलं, हे मी माझ्या तोंडानं काय सांगू?