‘झोरिले’चं तिसरं पान

‘झोरिले’ या रोमानियन साप्ताहिकाचे सगळे वर्गणीदार मेलेले होते, आणि अंक मिळाला नाही की ते फोन करत.

सर्बियातल्या त्या गावात रोमानियन माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती. मग तरुण मंडळी व्हिएन्नाला कामाला गेली आणि म्हातारी दफनभूमीत. मागे राहिली संपादक व्हिओरिका. अंक पोहोचवायला तिने गावचा जुना रिवाज धरला. मेलेल्याच्या नावाने वस्तू त्याच्या शेजाऱ्याला द्यायची, सोबत पाव आणि पेटती मेणबत्ती. शेजाऱ्याने ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हटलं की वस्तू मेलेल्याला मिळते. आता शेजारी सगळे सर्ब होते, पण तेवढा शब्द त्यांना येत होता.

सरकारी तपासनीस दुशान आले तेव्हा ती मेलेल्या वर्गणीदारांपैकी त्राइलाकाकांशी फोनवर बोलत होती.

“तिसरं पान आलं नाही,” काका कुरकुरले. “शब्दकोडं त्याच पानावर असतं.”

“तुमच्या शेजारच्या राद्मिलाने ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणायच्या आधीच त्या पानात मिरच्या बांधल्या असतील, काका. सांगते तिला.”

“मग मिरच्या तरी पाठवायच्या होत्या म्हणावं.”

तिने फोन ठेवेपर्यंत दुशानसाहेब थांबले. “बाई, नियमाने एक तरी जिवंत वाचक हवा.”

“जिवंत होते तेव्हा हे लोक पान उलटत नव्हते, साहेब. आता शब्द न्‌ शब्द वाचतात.”

“ते मी नाकारत नाही. पण नियमात ‘जिवंत’ असंच आहे.”

त्यांनी जड मनाने छापखान्याला कुलूप लावलं. व्हिओरिकाने आजवर एकही अंक चुकवला नव्हता. बाळंतपणातही तिने पडल्या पडल्या अग्रलेख सांगितला होता.

पुढच्या शुक्रवारी माफी मागायच्या तयारीने ती फोनपाशी बसली.

“अंक कालच आला,” त्राइलाकाका म्हणाले. “शाईसुद्धा ओली होती.”

व्हिओरिकाने विचार केला. बंद झालेलं वर्तमानपत्र म्हणजे मेलेलं वर्तमानपत्र. ते आता तिकडेच निघत होतं. “अग्रलेख?” तिने विचारलं.

“तुझाच. जरा लांबलाय.”

तेवढ्यात राद्मिला दारात आली. “माझा अंक कुठाय, ताई?”

“तुला कुठे रोमानियन येतं?”

“काकांच्या तक्रारींपायी शिकले. वाचल्याशिवाय कुठलं पान फाडायचं ते कसं कळणार?”

“साहेबांसमोर बोलायचं होतंस.”

“मला कोणी विचारलं?”

मेलेलं पुन्हा सुरू करायची नियमात सोय नव्हती. व्हिओरिकाने फोन पुन्हा कानाला लावला. “काका, तिकडे तुमच्या शेजारी कोण?”

“पावेल. मी त्याच्याशी बोलत नाही.”

“राद्मिलाच्या नावाने एक अंक त्याला द्या. पाव आणि मेणबत्ती विसरू नका.”

“पण राद्मिला जिवंत आहे.”

“त्याला तुमची हरकत आहे का?”

“माझी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राद्मिला अंक घेऊन आली. त्याला मेणाचा वास येत होता. तिचा चेहरा गंभीर होता.

“तिसरं पान नाही,” ती म्हणाली. “पावेलने कशाला तरी वापरलं.”

व्हिओरिकाने चष्मा चढवला आणि तक्रार लिहून घेतली.