ओंडक्यांच्या घराचं चोख दार

आयुष्यभर तिजोऱ्यांच्या कारखान्यात दारं बसवणाऱ्या माणसाने लाकडी घर विकत घेऊ नये, असा काही कायदा नाही. तेवढ्यावरच मिलिमीटरांचं फावलं. (कारखान्यात सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत. बसवलेल्या दाराच्या फटीत ते पोस्टकार्ड सरकवून बघत. सरकलं, की दार परत.)

निवृत्तीच्या पैशांतून तळमजल्यावर घर घ्यायचं, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. बायकोचे गुडघे चौथ्या मजल्याला कंटाळले होते. बाजारात मीठ विसरलं तर ती अळणी जेवायची, पण पुन्हा जिना उतरायची नाही. असं तळमजल्याचं घर बघायला मिलिमीटर सकाळी बाहेर पडले आणि संध्याकाळी दूर खेड्याकडच्या एका ओंडक्यांच्या लॉजचा, भोवतीच्या जमिनीसकट, इसार देऊन परत आले.

"गुंतवणूक आहे," ते म्हणाले. "शहरातली माणसं शांततेचं भाडं देतात."

"आणि माझे गुडघे?"

"त्याच भाड्यातून तळमजला."

बायकोने वाद घातला नाही. पहिले पाहुणे खूश होऊन गेले तर लॉज ठेवायचा, नाहीतर विकून मुकाट्याने तळमजला घ्यायचा, एवढंच तिने कबूल करून घेतलं. हे बोलताना ती जिन्याच्या तिसऱ्या वळणावर कठडा धरून दम घेत होती. नकार द्यायला ती जागा सोयीची नव्हती.

लॉज तसा देखणा होता. एकावर एक रचलेले गोल ओंडके, आत शेकोटी, समोर उतरत गेलेली जमीन. पण दार-खिडक्यांच्या फटीत बोट जाईल. मिलिमीटरांनी खिशातलं पोस्टकार्ड बाहेरही काढलं नाही. लाकडाला थोडी मोकळीक ठेवावी लागते, असं जुना मालक सांगत होता. पण आळशी माणसं असंच बोलतात, हे मिलिमीटर नोकरीत शिकले होते. भर उन्हाळ्यात त्यांनी पट्ट्या ठोकल्या, कडा भरल्या, तिजोरीला शोभेल असं कुलूप बसवलं. शेवटी पोस्टकार्ड लावून पाहिलं. ते आत शिरेना. गड जिंकल्यासारखे ते घाम पुसत बसले.

बायको तेवढ्यात चार वेळा आत-बाहेर करून आली. या घराला एकही पायरी नाही, हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं.

पहिले पाहुणे आले ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी. त्याच संध्याकाळी पावसाने झड धरली. मिलिमीटर आणि बायको मागच्या सुट्या खोलीत मुक्कामाला होते. सकाळी चहा घेऊन गेले, तर लॉजचं दार फुगून बसलेलं. आतून डॉक्टर ओढत होते, बाहेरून मिलिमीटर ढकलत होते. कुलूप उघडं, बिजागऱ्या ठणठणीत, आणि दार मात्र जन्मापासून भिंतच असल्यासारखं. खिडक्यांचीही तीच गत. फोडावं म्हणून बायकोने कुऱ्हाड आणून दिली, पण स्वतःच्या इतक्या चोख कामावर मिलिमीटरांचा हात उठेना.

आतून डॉक्टरही राहू द्या म्हणाले. छताखाली एक झरोका होता. (पट्ट्या संपल्या म्हणून तो मिलिमीटरांच्या तावडीतून सुटला होता.) त्यातून चहा गेला, जेवण गेलं. शिडीवर अर्थातच मिलिमीटर चढत. बायको भिंतीला टेकून खुर्चीत बसायची आणि डॉक्टरांच्या पत्नीशी ओंडक्यांच्या आरपार गप्पा मारायची.

शेवटी ऊन पडलं आणि दुपारी दार आपणहून कुरकुरत उघडलं. मिलिमीटरांनी माफीचं भाषण पाठ केलं होतं. पहिल्याच शब्दाला डॉक्टरांनी त्यांना थांबवलं.

"लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही सलग बोललो. एरवी कुणाची तरी दाढ ठणकते आणि मी उठून जातो." मग दाराकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या वेळीही अडकेल ना?"

म्हणजे मिलिमीटर जिंकले. लॉज राहिला. डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या प्रत्येकाला लॉजची हकिगत ऐकावीच लागली, आणि पाहुण्यांची रांग लागली. ढग पाहून लोक यायची तारीख ठरवू लागले.

"मग मी आता इथेच राहते," बायको म्हणाली. "चहापाण्याला कुणीतरी हवंच. आणि इथे पायऱ्या नाहीत."

"आणि मी?"

"शहरातलं घर रिकामं ठेवू नये."

झरोक्याला तिने दोरी आणि डबा लावून घेतला होता. शिडीची गरज संपली होती, आणि शिडीवर चढणाऱ्याचीही.

चौथ्या मजल्यावर एकट्या माणसाला वेळ खायला उठतो. त्यातून घराच्या दारातून बारीक वारा येतो, हे मिलिमीटरांना इतक्या वर्षांनी ऐकू आलं. त्यांनी हत्यारं काढली. काम मनासारखं झालं. पोस्टकार्ड शिरलं नाही. पुढच्याच आठवड्यात हवा दमट झाली, आणि एका सकाळी दुधाची पिशवी दाराबाहेर राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉजवर फोन लावला.

"अगं, दार उघडत नाहीये."

"ओढून बघितलंत?"

"कालपासून ओढतोय."

"मग उगाच खांदा दुखवून घेऊ नका. ऊन लागलं की उघडेल. ठेवते हं, डबा वर चाललाय."

त्यांचं दार जिन्याच्या बाजूला होतं, आणि इमारत बांधल्यापासून त्या जिन्यात उन्हाने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. हे सांगायला मिलिमीटरांनी तोंड उघडलं, तोवर तिने फोन ठेवला होता.