वरिष्ठ खोकं कनिष्ठ खोक्याशी बोलत नाही

लोकशाही चर्चेवर उभी असते आणि प्रशासन चर्चा टाळण्यावर. असे दोन भक्कम पाय असूनही देश चालत का नाही, असं काही लोक विचारतात. त्यांनी दोन्ही पायांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत ते पाहावं आणि गप्प बसावं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं मुख्यालय घाटावर आहे. तिथे रेल्वे अजून पोचलेली नाही, पण प्रकाशाच्या वेगाचं इंटरनेट घाट उतरून थेट आमच्या चिंचटेकला आलं. (तालुका कोणता ते लिहीत नाही. लिहिला तर एक तालुका रागावेल, नाही लिहिला तर तेराही. मला तेरा परवडतात.) ते आलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन खोकी लागली. डावीकडचं लोखंडी पेटीत, कुलूपबंद, लाखेचं सील मारलेलं, तालुक्याच्या मालकीचं; इंटरनेट आधी त्यात यायचं. उजवीकडचं प्लॅस्टिकचं, खिळ्याला सुतळीने टांगलेलं, ग्रामपंचायतीच्या मालकीचं; कार्यालयातले कम्प्युटर त्याला जोडलेले. दोघांच्या मध्ये दोन फूट भिंत, एक पाल आणि एक निळी तार.

आता ही खोकी कशी बोलतात ते समजून घ्या, कारण त्यात माणसाने लाजावं असं बरंच आहे. तार जोडली की दोन्ही खोकी आधी एकमेकांना बारीक टिचक्या मारतात. एक म्हणतं, मले दहाचा वेग जमते, शंभरचा जमते, हजाराचा जमते, अन् बोलता-बोलता ऐकताही येते. दुसरं म्हणतं, आपली धाव शंभरपर्यंत, पण बोलणं-ऐकणं संगच जमते. झालं. दोघांना जमेल असं सगळ्यांत चांगलं काय? शंभर, आणि दोन्हीकडून एकदम. ठरलं. दोन-तीन सेकंदांत बैठक बरखास्त. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, चहा नाही.

आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत पोराचा मामा चार एकराचे दहा करतो आणि पोरीची आत्या दहावी नापास पोरीला "कॉलेज करून राह्यली" म्हणून सांगते. खरा वेग लग्नानंतर कळतो. खोकं मात्र जे जमतं तेच सांगतं आणि समोरच्याचं ऐकून घेतं. असला प्रकार शासकीय भिंतीवर फार दिवस चालू देणं शक्य नव्हतं.

मार्चमध्ये तालुक्याच्या साहेबांचा आदेश निघाला. तो मी जसाच्या तसा देतो, कारण त्यात माझ्याच्याने सुधारणा होणार नाही:

"वरिष्ठ कार्यालयाचे यंत्र कनिष्ठ कार्यालयाच्या यंत्राशी परस्पर वाटाघाटी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर आहे. सबब वरिष्ठ यंत्राचा वेग 'शंभर, दुमार्गी' असा कायम करण्यात येत असून, यापुढे सदर यंत्राने कोणासही काहीही विचारू नये व सांगू नये. प्रत माहितीसाठी: खोके क्रमांक दोन."

आदेश उत्तम होता. वेग पूर्ण, मार्ग दोन, शिस्त कडक. फक्त खोके क्रमांक दोनला वाचता येत नव्हतं.

ते बिचारं आपलं टिचक्या मारत राहिलं. मले हे जमते, मले ते जमते, तुमचं काय? पलीकडून उत्तर नाही. तारेतल्या सळसळीवरून त्याने शंभरचा वेग ओळखला. पण समोरचा बोलता-बोलता ऐकतो की नाही, हे सळसळीवरून कळत नाही, ते सांगावं लागतं. अशा वेळी आपण काय धरायचं याचा नियम या यंत्रांत आधीच घालून दिलेला आहे: समोरचा मोठा माणूस काहीच सांगत नसेल, तर एका वेळी एकानेच बोलायचं असं समजावं. म्हणजे तो बोलायला लागला की आपण गप्प. वाक्य अर्धं असलं तरी गप्प. मग थोडं थांबून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तो बोलला, पुन्हा गप्प. असं सोळा वेळा, आणि मग वाक्य सोडून द्यायचं. तिकडे वरिष्ठ खोक्याला हाती येतात नुसती अर्धी वाक्यं. ती त्याला कचरा वाटतात, तो फेकून देतो आणि आपलं बोलणं चालू ठेवतो. दोघांवरचे दिवे हिरवे.

(हे यंत्र शोधणारा माणूस आमच्या तालुक्यात कधी येऊन गेला, याची नोंद मला सापडली नाही.)

याचा परिणाम असा झाला की छोटी बोलणी बिनबोभाट होत. वेबसाइट उघडे, पासवर्ड जाई, "आपले स्वागत आहे" असं येई. अडायचं ते काम सांगायला लागलं की. मोठी फाईल चढवली की चौदा टक्क्यांवर जाऊन मरायची. कार्यालयात स्वागत होतं आणि काम होत नाही, याची गावाला सवय असल्यामुळे चार महिने कोणाला त्यात बिघाड आहे असं वाटलं नाही. वाटलं ते एकट्या गुलनाजला. गुलनाज ग्रामपंचायतीची संगणक ऑपरेटर. बी.ए. झाली, संगणक स्वतःच शिकली, आणि जे स्वतः शिकतात त्यांना एक वाईट खोड असते, ती म्हणजे कारण शोधायची.

तिने अकरा तक्रारी पाठवल्या. दोन फुटांवरच्या खोक्याला तिची तक्रार थेट देता येत नव्हती. ती ग्रामपंचायतीतून तालुक्याला, तालुक्याहून घाट चढून बुलढाण्याला, तिथून परत तालुक्याला आणि तिथून भिंतीवर, अशी जायची. मी एसटीच्या टप्प्यांवरून हिशेब केला: एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, एकोणीस दिवस. गोगलगाय याहून जरा हळू चालते, पण ती दोन फुटांसाठी घाट चढत नाही. अकराही तक्रारींना उत्तर आलं: "दिवा हिरवा असल्याने तक्रार निकाली."

अखेर साहेब स्वतः पाच सदस्यांची समिती घेऊन आले. समितीने चाळीस मिनिटं भिंतीचं निरीक्षण केलं. पाल हलली, तशी नोंद झाली. (चहा: फुल पाच, हाफ दोन.)

"साहेब," गुलनाज म्हणाली, "तुमचं खोकं ऑटोवर करा, बस."

"ऑटो म्हणजे?"

"म्हणजे दोघं आपसात बोलून ठरवतीन."

"आपसात?" साहेबांनी आधी लोखंडी पेटीकडे पाहिलं, मग सुतळीकडे. "मॅडम, तालुका ग्रामपंचायतीशी वाटाघाटी करत नाही. आदेश देतो."

समिती निघून गेली. अहवालात पाल आहे, गुलनाज नाही.

आणि मग जुलैतला तो बुधवार आला. गावातल्या पुष्पाबाईच्या पोरीला, काजलला, बुलढाण्याच्या एका नर्सिंग कॉलेजात गावाच्या राखीव कोट्यातली जागा लागली होती. अट अशी की सगळी कागदपत्रं ग्रामपंचायतीच्याच कम्प्युटरवरून, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीची किल्ली खोचूनच पाठवायची. मुदत पाच वाजेपर्यंत. फाईल नऊ एमबी.

साडेतीनला पहिला प्रयत्न झाला. चौदा टक्के. पावणेचारला चौदा टक्के. सव्वाचारला सोळा टक्के झाले तेव्हा काजलने देवाला हात जोडले, आणि देवाने ते परत चौदावर आणले. काजल रडत नव्हती. ती नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"काऊन वं गुलनाज," पुष्पाबाई म्हणाल्या, "दिवा तं हिरवा हाये ना?"

"मावशी, दिवा हिरवा अन् रस्त्यात म्हैस बसेल हाये. काय करता?"

"म्हशीले उठवतो! इथं काय पूजा करून राह्यली का तिची?"

गुलनाजने भिंतीकडे पाहिलं आणि उठली. भागवतभाऊंनी, म्हणजे आमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आधी त्यांना ग्रामसेवक म्हणत, पद बदललं, खुर्चीचा मोडका हात तोच आहे), हातातला पेन खाली ठेवला.

"तारेले हात लावू नको हं बापा. तालुक्याचं सील हाये."

"सील पेटीले हाये, भाऊ. तारेचं ते टोक तालुक्याचं. हे टोक आपलं. आपल्या टोकाले आपून हात लावू शकतो का नाही?"

भागवतभाऊंनी नियमांचं पुस्तक काढलं. तारेच्या टोकांबद्दल शासन मौन होतं. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहण्याची कार्यवाही केली.

गुलनाजने निळ्या तारेचं आपलं टोक प्लॅस्टिकच्या खोक्यातून उपटलं आणि थेट कम्प्युटरमध्ये खोचलं. मग कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने त्याला सांगितलं की बाबा, आता तूही कोणाला काही विचारू नको. शंभर, दुमार्गी. साहेब बोलत असले तरी आपलं वाक्य पुरं करायचं, थांबायचं नाही.

चार त्रेपन्नला बटण दाबलं. चौदा टक्के. साठ टक्के. शंभर. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"झालं?" पुष्पाबाई म्हणाल्या. "एवढंच? मंग चार महिने काय करून राह्यले होते थे?"

काजलने पावतीचा कागद तीन वेळा वाचला. भागवतभाऊ खिडकीबाहेरून परत आले आणि म्हणाले, "आता तार होती तशी लाव. घरपट्टीचा कम्प्युटर बंद पडला." तो प्लॅस्टिकच्या खोक्यावर चालायचा. तार होती तशी लागली. दिवा हिरवा झाला. बिघाड पूर्ववत सुरू झाला.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत काजलचा सत्कार ठरला, साहेबांच्या हस्ते, कारण वेग त्यांनीच निश्चित केला होता. सत्काराच्याच दिवशी आणखी तीन पोरींचे अर्ज जायचे होते. दर वेळी तार उपटली तर घरपट्टी बुडेल, म्हणून गुलनाजने सरपंच उत्तमरावांना एक वाक्य पाठ करून दिलं: "साहेब, ते खोकं ऑटोवर करा." उत्तमरावांनी ते मोटारीच्या खोलीत, विहिरीपाशी आणि बैलांसमोर म्हणून पाहिलं. बैलांची हरकत नव्हती.

कार्यक्रमात साहेब पाणी प्यायला थांबले, तसे उत्तमराव उठले. "साहेब, ते खोकं..."

"तर मंडळी," साहेब म्हणाले.

उत्तमराव बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठले. "साहेब, ते..."

"एका आदेशाने काय होऊ शकतं," साहेब म्हणाले.

उत्तमराव बसले. सात वेळा उठले, सात वेळा बसले. गुलनाज उभी राहिली, तर साहेब बोलता-बोलता हाताने "खाली" म्हणाले. भागवतभाऊंकडे बघावं, तर ते खिडकीकडे. मी स्वतः काय केलं विचाराल, तर मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी.

तेव्हा मागच्या सतरंजीवरून पुष्पाबाई उठल्या. साहेबांचं बोलणं चालूच होतं. त्यांनी ते थांबायची वाट पाहिली नाही.

"शिस्त ही विकासाची..."

"थे खोकं ऑटोवर करा."

"...विकासाची जननी असून..."

"थे खोकं ऑटोवर करा, साहेब. तीन पोरी बाकी हायेत. तुम्ही बोला ना, मीबी बोलतो, काय बिघडते? थे खोकं ऑटोवर करा."

दोघंही पूर्ण वेगाने बोलत होते. आणि चमत्कार असा की साहेबांना ऐकू गेलं. अख्खं वाक्य त्यांना बहुधा प्रथमच मिळत होतं. ते थांबले, लालबुंद झाले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "कर रे ते काय म्हणतात ते." त्या माणसाने खिशातून किल्ली काढली. (ती चार महिने खिशातच होती.) सील तुटलं. खोक्यांनी एकमेकांना टिचक्या मारल्या, तीन सेकंद बोलणी झाली. संध्याकाळपर्यंत तिन्ही पोरींचे अर्ज गेले. काजल आता घाटावर सुई टोचायला शिकते आहे.

पुढच्या ग्रामसभेत एकमताने ठराव झाला: पुष्पाबाई साहेब बोलत असताना बोलल्या, याबद्दल ही सभा तीव्र खेद व्यक्त करते. सूचक उत्तमराव, अनुमोदक मी.

आणि तुम्ही? तिचं काम रास्त होतं, पण साहेबांचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्यायचं होतं बाईने, असं मघाशी वाचताना तुमच्याही मनात आलंच ना? घाबरू नका. तुमच्यात काही बिघाड नाही. तुमचा दिवा हिरवा आहे.