आठ दिवसांची बंडी

मी नागोरावांची मेरिनो लोकरीची बंडी गरम पाण्यात, मशीनमध्ये, चादरींबरोबर धुतली. परक्याचा कपडा नीट निघावा म्हणून दोन चमचे पावडरही जास्त टाकली.

नागोराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही पुण्याहून काचीगुड्यात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी सुलतान बाजारात एका दुकानाच्या सुटिंग काउंटरवर काढली. ते निवृत्त झाले, त्यांची बोटं नाही झाली. भेटले की आधी तुमची बाही चिमटीत धरतात, "टेरीकॉट," असं पुटपुटतात आणि मग "कसे आहात?" विचारतात.

आम्ही सामान उघडत होतो तेव्हाच त्यांनी माझ्या महागड्या लोकरी स्वेटरचा एक धागा उपसून काडीनं पेटवला. तो वितळून त्याचा काळा मणी झाला.

"लोकर असती तर केस जळाल्यावानी वास आला असता, आन् आपोआप विझली असती. हे प्लास्टिक हाय, साहेब." माझा चेहरा बघून पुढं म्हणाले, "रंग मात्र झकास हाय."

असा हा जाणता माणूस भर मे महिन्यात अंगात लोकरीची बंडी घालून हिंडायचा. तीही मागून उघडी, बांधायचे बंद बगलेत.

"नागोराव, बंडी उलटी घातलीत."

"सुलटीच हाय."

"उकडत नाही?"

"हात लावून बघा की. जाडी लोकर टोचते, कारण तिचा केस ताठ. मेरिनोचा केस इतका बारीक, की टोचायच्या आधीच वाकतो. घाम पिते, पण ओली लागत नाई. वास धरत नाई."

मी हात लावला, मान हलवली आणि घरी येऊन बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली.

मग पुतण्याच्या लग्नाला ते हिंगोलीकडं गावी निघाले. जाताना एक पिशवी माझ्या हातात दिली. "पाच दिवस मी घातली. तीन राहिलेत. तेवढे तुम्ही घाला. धुवायची नाई. आल्यावर सांगा, कुठं टोचली."

"मीच का?"

"अंग नाजूक दिसायलंय तुमचं. पुण्याचं."

दुसऱ्यानं पाच दिवस घातलेली बंडी! बायको माहेरी गेलेली, सल्ला द्यायला कोणी नाही. मी हुंगून पाहिलं. खरंच वास नव्हता. त्यानं माझा संशय उलट वाढला. मशीनमधून जे निघालं ते सहा महिन्यांच्या बाळाला आलं असतं, आणि घोंगडीच्या तुकड्यासारखं ताठ होतं.

नागोराव परतले तेव्हा मी तीन थापा तयार ठेवल्या होत्या. त्यांनी बंडी चिमटीत धरली आणि एकही थाप उपयोगी पडली नाही.

"गरम पाणी?"

"हो."

"घुसळली?"

"मशीननं."

"लोकरीच्या केसाला खवले असतात, साहेब. गरमात घुसळलं की एकमेकांत अडकतात. मग सुटत नाईत." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "वर या," म्हणाले.

वर त्यांची थोरली बहीण, गंगूअक्का, असते एवढंच मला ठाऊक होतं. आतल्या खोलीत खिडकीजवळ पलंगावर एक बाई निजलेल्या होत्या.

"ह्या आमच्या मंडळी. कौसल्या. दोन वर्षं झाली, झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. सुती कपडा पाठीखाली भिजून राहतो, कातडं लाल होतं. मेरिनोनं पाठ कोरडी राहते. मागून उघडी असली की उठवावं लागत नाई, पुढून सरकवता येते."

"मग तुम्ही का घालता?"

"पहिली बंडी हाताला एकदम मऊ होती. चार दिवसांनी बघितलं तर हिच्या मानेवर ओरखडे. शिवण टोचायली होती, आन् हिला सांगता येईना. तवापासून शिवली की आठ दिवस आधी मी घालतो. आता दुकानात कापड येईस्तोवर सुतीवरच काढावं लागंल."

कौसल्याबाईंनी डावा हात पुढं केला. नागोरावांनी ती बाळबंडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरली, नवऱ्यासारखीच, आणि माझ्याकडं पाहिलं. ओठाचा एक कोपरा वर गेला. हसल्या असाव्यात.

मी म्हणालो, "नागोराव, पुढची बंडी मी घालतो. पूर्ण आठ दिवस. तुम्ही आराम करा."

नागोरावांचा चेहरा उजळला. स्वयंपाकघरातून गंगूअक्कांचा आवाज आला, "घालायला दे त्याला, नागू. पण काढून आणायला तू जा, मशीनच्या आधी."