मिठाच्या पाण्यातली क्रेप

चार मुठी मीठ.

चुलीवर गंजभर उकळतं पाणी.

रविवारी, अनसिंग गावात, माझ्या मुलीचं, धम्मदीपाचं लग्न.

आईचा डावा खांदा. हात पाठीमागे जात नाही.

आणि मी, अनुप. ज्याला कापडातलं सगळं कळतं!

खांदा धरल्यापासून आई कुठल्याच कार्यक्रमाला गेली नाही. साडी स्वतःला नेसता येत नाही आणि सुनेच्या हातून नेसायची नाही. नातीच्या लग्नालाही नाहीच म्हणाली.

"मले नेसवाचं असन त मेल्यावर नेसवजा!"

हे वाक्य तीन दिवस घरात पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून होतं.

म्हणून क्रेप! खळ घातलेली सुती साडी पापडासारखी उभी राहते, तिच्याशी कुस्ती करावी लागते. क्रेप स्वतःच अंगाचं ऐकते. मालेगावात चाळीस साड्या उलगडायला लावल्या. दुकानदार म्हणाला, "मुठीत दाबा भाऊ, मंग सोडा. घडी पडली त फुकट नेजा!"

दाबली. सोडली. पाण्यासारखी ओघळली. निळी, अस्सल रेशमी क्रेप.

"फक्त एक ध्यानात ठेवजा..."

"मले नको सांगू!" मी म्हणालो.

आमच्याकडे नवी साडी आधी मिठाच्या पाण्यात भिजते. रंग पक्का होतो. पाणी उकळतं घेतलं तर जास्तच पक्का, ही माझी भर. शनिवारी सकाळी गंजातून साडी काढली तेव्हा ती गप्प, आक्रसलेली, माझ्याकडे बघत होती.

बायको, रीता, बाहेर आली. "हे काय करून राह्यले तुमी?"

"रंग पक्का."

"पन्हा कुठी गेला? रुंदी वीतभर गायब हाय! साडीचा पंचा केला तुमी!"

मग आम्ही तिला ताणली. मी एका काठाला, रीता दुसऱ्या. सोडली की परत जागेवर! शेवटी एक काठ दोरीनं अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बांधला, दुसरा खिडकीच्या गजाला, आणि मधल्या झोळीत वीट ठेवली. शेजारचे नानाजी कुंपणावरून ओरडले, "अनुप, आत्ताच पाळणा? लग्न त उद्या हाय बे!"

धम्मदीपा हसली नाही. "आजी येत नाही त नाही," ती हळूच म्हणाली आणि आत गेली. मी विटेकडे बघत बसलो.

दुपारी आई अंगणात आली. साडी चाचपली, मुठीत दाबली, सोडली. वीट खाली ठेवली. साडी घेऊन खोलीत गेली. दार लावलं.

आम्ही तिघं दाराशी. आतून बांगड्यांचा आवाज. मग काहीच नाही.

"आई, रीताले पाठवू काय?"

"पाठवून त पाह्य!"

दार उघडलं. निऱ्या सरळ, पदर खांद्यावर. काठ बरोबर घोट्याशी.

"इतकी वर्सं वरचा वीतभर कपडा दुमडून कमरेत खोसत आली," आई म्हणाली. "मागून खोसाले दोन हात लागतात. आज खोसाले काही उरलंच नाही."

रविवारी अनसिंगला लग्नात बायांनी आईला विचारलं, "दुर्गाबाई, कोनं नेसवली वो?"

"कोनं म्हनजे? म्या!"

मी शेजारीच उभा होतो. छाती फुगवून सांगणार होतो की माप माझंच. पण गेली वीस वर्षं आईच्या साड्या मीच आणतो, सगळ्या पूर्ण पन्ह्याच्या.

आईची उंची चार फूट सात इंच आहे.