हळद लागलेला सिंथेसायझर

करिश्माचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आजोबांनी, म्हणजे नाथाने, घरात एकच मागणी केली. मांडव कुठला, मटण किती, डीजे कोण, हे तुम्ही ठरवा. पण नवरीला हळद लागताना वाजवणार मी, आणि वाजवणार आपल्या जुन्या सिंथेसायझरवर. आजोबाने नातीसाठी करावी अशी ही साधी मागणी होती. ती मंजूर करण्याचा अधिकार घरात कोणालाच नाही, हे त्याला पुढे कळलं.

तरुणपणी नाथा गावच्या बेंजो पार्टीत वाजवायचा. कल्याणच्या बाजारात त्याला एक वापरलेला जपानी सिंथेसायझर मिळाला आणि त्यानंतर कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या आगरी वस्तीत त्याच्याशिवाय हळद लागेना. आमच्याकडची हळद ही काही बोट लावून भागणारी गोष्ट नव्हे. नवरीला लावून उरलेली नाचणाऱ्यांच्या अंगावर जाते, आणि वाजवणारा हा काही मांडवाबाहेर बसलेला नसतो. वर्षानुवर्षं हळदीच्या मुठी उडत राहिल्या. सिंथेसायझरच्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्याधमक झाल्या. त्यातल्या दोन तर अशा चिकटल्या होत्या, की दाबल्यावर खाली जात आणि मनाला येईल तेव्हा वर येत. नाथा त्यांना सांभाळून घेई. लोक त्यावरच जास्त नाचत.

पुढे शेताच्या जागी टॉवर आले आणि नाथाच्या मुलाकडे, हितेशकडे, पैसा आणि वेळ एकदमच आला. अशा माणसाला छंद लागतोच. त्याने आधी शर्यतीचा बैल घेतला. पण बैल पळतो, आणि पळणारी वस्तू हरू शकते. म्हणून त्याने हरता न येणारा छंद शोधला. तो जुने सिंथेसायझर जमवू लागला. त्याने बंगल्याचा पहिला मजला त्यांच्यासाठी रिकामा केला, एसी बसवला आणि एका भिंतीवर मॉड्युलर सिंथ उभारला.

"यो काय?" नाथाने विचारलं होतं.

"बाबा, यात प्रत्येक डबा आवाजाचं एकेक काम करतो. वायरींनी डबे एकमेकांना जोडायचे."

"पट्ट्या कंच्या मग? वाजवाचा कुठनं?"

"वाजवायचं नसतं रे बाबा. जोडायचं असतं."

त्या दिवशी दुपारभर जोडून झाल्यावर भिंतीतून 'भूंऽऽऽ' असा आवाज निघाला. हितेशची आई आवडाबाई खालून ओरडली, "आरं, बोअरची मोटर कुनी चालू ठेवली?"

वर मात्र हितेशचे मित्र डोळे मिटून बसले होते. हे ठाणे-कल्याण जुने ध्वनियंत्र जतन मंडळाचे सभासद. आवाजात ऊब आहे, असं त्यांचं एकमत झालं. बाहेर मे महिना होता.

तर, करिश्माच्या लग्नासाठी नाथाने माळ्यावरून आपला सिंथेसायझर काढला आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतला. तेवढ्यात हितेश आला. त्याने बापाच्या हातातलं फडकं असं काढून घेतलं, जसं लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी.

"बाबा, काय करतोयस! हे मॉडेल आता कुठे मिळत नाही. त्र्यंबकसरांना बघू दे आधी."

त्र्यंबकसर वर्तकनगरला राहत. ते मंडळाचे मानद परीक्षक होते. त्यांच्या घरात इतके सिंथेसायझर होते, की जेवायला ते मुलीकडे जात. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, पट्ट्यांवर भिंग धरलं आणि बऱ्याच वेळाने अत्यंत गंभीर प्रश्न विचारला.

"हा पिवळा रंग वयाचा आहे की पदार्थाचा?"

"हळद हाय ती," नाथा म्हणाला.

"आपलं मत नोंदवून घेतो," त्र्यंबकसर म्हणाले आणि वाकून पट्ट्यांचा वास घेऊ लागले. जुनं प्लास्टिक आपोआप पिवळं पडतं. तसं असेल तर तो दोष, आणि तो औषध लावून घालवायचा असतो. पण हळद असेल तर तो स्थानिक वारसा, आणि त्याला बोटही लावायचं नसतं. त्यांनी दोनदा हुंगलं, एकदा शिंकले, आणि निर्णय मंडळाकडे सोपवला.

मंडळाची बैठक झाली. हळद ही हळदच असल्याचं बहुमताने सिद्ध झालं. यंत्राला श्रेणी एक देण्यात आली. जगात या मॉडेलचे इतर नग असतीलही, परंतु हळद लागलेला एकमेव नग या परिसरात असल्याने मंडळाने समाधान व्यक्त केलं. हितेशने पेढे वाटले.

"मग करिश्माच्या हळदीला घ्याचा ना बाहेर?" नाथाने पेढा हातात तसाच धरून विचारलं.

त्र्यंबकसरांचा चेहरा पडला. "काका, तेच तर शक्य नाही. हळदीत हळद उडणार. नवी हळद जुन्या हळदीवर पडली, तर जुनी कोणती हे कोण सांगणार?"

यात कुठेतरी चूक आहे हे नाथाला दिसत होतं, पण बोट कुठे ठेवावं ते कळेना. एवढी शिकलेली माणसं, एसीत बसून बोलतात. चुकत असेल तर आपलंच काहीतरी चुकत असेल.

"ऱ्हाव दे," तो म्हणाला. "मी दुसरा कीबोर्ड आनतो भाड्याने. मना काय, पोरीच्या हळदीला लोक नाचले म्हंजे झाला."

या विधानाने मंडळात खळबळ उडाली. ज्या बोटांनी ही हळद पट्ट्यांत दाबली ती नाथाची, म्हणजे नाथा हा यंत्राचा मूळ वादक, अर्थात मूळ भाग. मूळ भाग यंत्रापासून वेगळा करून दुसऱ्या यंत्राला लावणे, हे कलम सातनुसार विद्रूपीकरण ठरतं. तातडीची बैठक होऊन नाथाचाही श्रेणी एकमध्ये समावेश झाला. पहिल्या मजल्यावर काचेच्या पेटीत सिंथेसायझर ठेवला गेला आणि शेजारच्या खुर्चीत नाथाने बसावं असं ठरलं. दोघांपुढे दोरी बांधण्यात आली. रविवारी लोक बघायला येऊ लागले. दोरीपलीकडून विचारत, "हे ओरिजिनल आहेत का?" हितेश सांगे, "हो, दाढसुद्धा बदललेली नाही."

आवडाबाई चहा घेऊन वर आली तेव्हा तिलाही एका सभासदाकडून दोरीपाशी थांबवण्यात आलं.

"कप आत नेता येणार नाही, काकू. सांडलं तर?"

"सांडला तं पुसन! माजा नवरा हाय तो!"

"म्हणूनच सांगतोय. तुमच्याच घरची वस्तू आहे."

करिश्माने मात्र हट्ट धरला. "आबा वाजवणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही," असं तिने बापाला सांगितलं आणि दार लावून घेतलं. हितेशही शेवटी बापच. तो मंडळाच्या हातापाया पडला. मंडळाने लग्नसराईचा विचार करून अपवाद म्हणून एका प्रात्यक्षिकाला परवानगी दिली. अटी किरकोळ होत्या. प्रेक्षकांनी दोरीमागे उभं राहावं, हात धुऊन यावं, आणि वादन चालू असेपर्यंत मांडवात हळद आणू नये.

"हळदीला हळद नाय?" आवडाबाईने विचारलं.

"नंतर लावा ना आई," हितेश म्हणाला. " तेवढ्या वेळापुरती पिवळी लाइट मारू. फोटोत कळणारपण नाही."

हळदीच्या संध्याकाळी सगळा गाव लोटला. करिश्मा पाटावर बसली, तिच्या तोंडावर पिवळा प्रकाश सोडण्यात आला. पेटी मांडवात आणून तिची काच उघडली. मोजे घालून वाजवावं असा त्र्यंबकसरांचा आग्रह होता. नाथाने मोजे काढून त्यांच्याच हातात दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणा शिकलेल्या माणसाकडे न बघता पट्ट्यांवर हात ठेवला.

सूर लागला. चिकटलेल्या दोन पट्ट्या नेहमीसारख्या मनाला येईल तेव्हा वर आल्या आणि त्याने त्यांना नेहमीसारखंच सांभाळून घेतलं. ही चाल मांडवातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होती. आता उठतील, म्हणून नाथाने हात जलद केला. आता उठतील, म्हणून आणखी जलद केला. मग त्याने मान वर केली. सगळेजण उभेच होते, पण एकही पाय हलत नव्हता. प्रत्येकाचा एक हात वर होता, हातात मोबाइल होता, आणि चित्र हलू नये म्हणून बरेच जण श्वासही धरून होते.

आवडाबाईला राहवलं नाही. तिने पदराआडून हळदीची वाटी काढली, दोरीखालून वाकून गेली आणि नातीच्या गालाकडे हात नेला.

"आजी, एक मिनिट थांब ना," ओठ न हलवता करिश्मा म्हणाली. "शूट चाललंय."

आवडाबाईचा हात तसाच राहिला. नाथाने चाल पूर्ण केली नाही. पण ती पूर्ण झाली नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण टाळ्या तोपर्यंत सुरू झाल्या होत्या.

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. पिवळ्या प्रकाशातली नवरी, आणि खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसलेला एक म्हातारा. शेवटपर्यंत पाहायला वेळ झाला नसेल. तेही साहजिक आहे. पण 'हे जपलं पाहिजे' असं वर लिहून तुम्ही तो पुढे पाठवलात, त्याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे.