माटोळीचा रॉ फोटो

"जेपीजी? आणि मी? कधीच नाही!" दत्तप्रसादने जाहीर करून टाकलं. तुयेच्या कारखान्यात रसायनं तपासणारा हा एमेस्सी, नवा कॅमेरा गळ्यात आल्यापासून माणसांशीही मेगापिक्सेलमध्येच बोलायचा!

प्रसंग होता पेडण्यातल्या एका मंडळाच्या स्पर्धेचा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला रानफळं बांधून माटोळी टांगायची आणि तिचा फोटो पाठवायचा. अट एकच: सगळं डोंगरावरचं, बाजारचं काही नको! त्याच्या शंभूकाकांना दरवर्षी दुसरं बक्षीस मिळायचं. यंदा पहिलं आणायचंच, म्हणून त्यांनी जळवा लागेपर्यंत रान तुडवलं होतं.

फोटो काढायला दत्तप्रसाद शिडीवर चढला. काका खालून ओरडले, "जेपीजीच धाड रे बाबा! सगळे तेंच धाडतात!"

"काका, फाइल लहान करायला जेपीजी बारीक तपशील फेकून देतो!"

"फेकूं दी! इतलें बारीक कोणाक जाय?"

"विज्ञानाला!"

"मोबायलार काढ मरे एक, पुरो," सुमंगलाकाकू म्हणाल्या. दत्तप्रसादने असं पाहिलं, जणू त्यांनी देवापुढे सुका बांगडा ठेवला!

मंडळाच्या संगणकाने कॅमेऱ्यातली काहीही न फेकलेली, अवजड रॉ फाइल पाहताच म्हशीसारखी बसकण मारली. "जेपीजी द्या," मंडळाने सांगितलं. दत्तप्रसाद स्वतःचा लॅपटॉप घेऊन थेट सभागृहात थडकला. मागोमाग काका, धापा टाकत.

"ल्हान फोटो लाव रे! पांयां पडटां!"

"घाबरू नका काका! तुमचं एकही फळ वाया जाऊ देणार नाही!"

पडद्यावर माटोळी उमटली. काय फोटो होता! कवंडळाच्या लालीवरचे थेंब, आंबाड्यांवरचे ठिपके, सुपारीच्या घोसावरची मुंगीसुद्धा! टाळ्या पडल्या.

"आणखी मोठं होईल?" परीक्षक शिवदास मास्तरांनी विचारलं.

"हवं तेवढं! फाटणार नाही!" दत्तप्रसादने मधलं तोरिंग, ते लिंबाच्या जातीचं रानफळ, पडदाभर केलं. त्याच्या बुडाला निळा स्टिकर होता. अक्षर न् अक्षर स्वच्छ: दक्षिण आफ्रिका.

मास्तरांनी चष्मा काढला. "शंभू, हो खंयचो दोंगर?"

काकांची मान खाली गेली. "यंदा तोरिंग मेळूंक ना, मास्तर. डिचोलीच्या बाजारातलें संत्र..."

"माटोळी बाद!" मास्तर म्हणाले.

दत्तप्रसाद मात्र छाती काढून उभा. "ते असू द्या, पण तपशील पाहिलात ना? लहान जेपीजीत हा स्टिकर नुसता डाग दिसला असता!"

"तेंच तुका सकाळसावन सांगतां मरे!" काका गरजले.